मोरीच्या खिडकीतून काढलेले कावळे

घोडपदेवच्या ज्या चाळीत मी वाढले, तिथे आमच्या खोलीला लसणाचा वास होता. खोली दहा बाय बारा, दुसऱ्या मजल्यावर, शेवटून दुसरी. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी पहिलीत होते. त्यानंतर ते भायखळ्याच्या भाजीबाजारात पाट्या उचलायला जाऊ लागले. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला माणूस डोक्यावर कोबीचं पोतं घेतो हे चाळीत कुणाला दिसू नये, म्हणून उजाडायच्या आत निघायचे. दुपारी यायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आई हॉटेलवाल्यांसाठी लसूण सोलायची. पोत्याने यायचा, सोलून बादलीने जायचा. माझ्या वह्या, माझा युनिफॉर्म, माझे केस, सगळ्याला तो वास. पाचवीत एक मुलगी माझ्या बाजूला बसताना नाक धरायची. मी तिची पाण्याची बाटली खिडकीतून खाली टाकली आणि बाईंनी विचारल्यावर लगेच कबूलही केलं. मी लहानपणापासून अशीच आहे. विसरत नाही आणि लपवत नाही.

नववीची मे महिन्याची सुट्टी चालू होती तेव्हा बाबा बाजारातच कोसळले. माल वाहायच्या हातगाडीवरून त्यांना आणलं. मला भाऊ नाही. त्यामुळे क्रियाकर्म सगळं काकाने केलं, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने. तो आमच्याच चाळीत तळमजल्याला राहायचा. त्याची खोली त्याच्या नावावर होती, बायको होती, स्कूटर होती. तोंडावर मी त्याला ‘तुम्ही’ म्हणते. इथे म्हणणार नाही.

आम्ही मूळचे मालवणकडचे. आमच्यात तेराव्याला वाडी ठेवतात. केळीच्या पानावर जेवणातलं सगळं थोडं थोडं वाढायचं आणि ते पान कावळ्यासाठी बाहेर ठेवायचं. कावळा शिवला की गेलेला माणूस तृप्त झाला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहून गेलंय, असं समजायचं. मग जवळची माणसं एकेक वचन देतात. हे करू, ते करू, तू काळजी करू नकोस. ज्या वचनाला कावळा खाली येईल ते त्याच्या मनातलं.

बाबांची वाडी चाळीच्या मागच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवली. तिथे बदामाचं मोठं झाड आहे आणि झाडावर कावळे कायम असतात, म्हणून जागा सोयीची. मांजर येऊ नये म्हणून काका पानाच्या अगदी बाजूला हात जोडून उभा राहिला. आम्ही सगळे मागे.

कावळे आले. दहा-बारा तरी असतील. पण खाली एकही उतरेना. फांदीवर बसून असे ओरडायला लागले की पोरं कानात बोटं घालू लागली.

“बघा, जीव कसा तळमळतोय त्याचा,” कोणीतरी बायकांतून म्हणालं. आईने पदर तोंडात घातला.

वचनं सुरू झाली. आई म्हणाली, पोरीला शिकवीन. कावळा आला नाही. तिचं लग्न चांगल्या घरात करीन. नाही आला. काकी म्हणाली, दादांना आवडायचं ते तिरफळाचं सांबार दर अमावास्येला करीन. नाही. अर्धा तास झाला. मग काका मान खाली घालूनच बोलला.

“वयनी, त्याच्या मनात खोलीचा आसा. बापाशीची खोली बाहेरच्या घरात जाव नये. पोरगी उद्या लग्न होऊन जातली. सांग, खोली भावाच्या नावावर करतंय म्हणून. सांग एकदा.”

आई माझ्याकडे बघत होती. मी चौदा वर्षांची. मी काय सांगणार?

“करते,” आई म्हणाली.

“ऐकलंत सगळ्यांनी?” म्हणत काका वळला आणि कोणाला तरी सांगायला, का पाणी प्यायला, आत गेला. तो दारातून आत जातोय तोवर एक कावळा सरळ पानावर. पाठोपाठ दुसरा. वडा उचलून गेलेसुद्धा.

“कौल मिळाला!” सगळे एकदम म्हणाले. आई तिथेच खाली बसली.

महिन्याभरात तिने मालकाच्या ऑफिसात जाऊन ‘ना हरकत’वर सही केली. भाडेपावती काकाच्या नावावर झाली आणि आम्ही आमच्याच खोलीत त्याच्या मेहेरबानीवर राहू लागलो.

मेहेरबानी म्हणजे काय ते सांगते. तो चपला घालून आत यायचा. आमच्या पोटमाळ्यावर त्याचे रंगाचे डबे, जुना टायर, मोडका टेबलफॅन. आईने मोरीपुढे पडदा लावला तर म्हणाला, विचारलंस काय माका? मी बी.कॉम. झाले. आमच्या अख्ख्या भावकीत पहिली पदवीधर मी. पेढे घेऊन खाली गेले तेव्हा त्याने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, “लाव भिंतीला सर्टिफिकेट. पण खिळो मारुच्या आधी विचार. भिंत माझी आसा.” काकी हसली. मीही हसले. आत काय झालं ते माझं मला माहीत.

पण त्याच्यापेक्षा मला जास्त लागायचं ते आईचं. ती खोलीसाठी रडत नसे. एकदा लसूण सोलता सोलताच म्हणाली, “जाताना त्यांनी भावाचा विचार केला. आपला नाही केला. इतकी वर्षं मी संसार केला, पण शेवटी विश्वास भावावर.” असं ती वर्षात एक-दोनदा बोलायची, आणि दर वेळी नव्याने लागल्यासारखं बोलायची.

नोकरी लागली ती गिरगावात, एका विम्याच्या ऑफिसात. दुसऱ्या वर्षी मी जुना कॅमेरा घेतला, लांबची लेन्स असलेला. ऑफिसातल्या एका बाईंचं बघून पक्ष्यांचं वेड लागलं होतं. त्या रविवारी कुठे कुठे जायच्या, खाडीवर, जंगलात. मला ते जमणारं नव्हतं. रविवारी आईसोबत लसूण असायचा. मग मी घरातच जागा शोधली. आमच्या मोरीला मागच्या बाजूने एक खिडकी आहे. गजांपैकी एक गज कधीचाच गळून पडलाय. बादली उलटी टाकून त्यावर बसलं की त्या फटीतून लेन्स बरोबर बाहेर जाते आणि समोर बदामाचा मधला घेर, हात लांब केला तर पान हाताला लागेल असं वाटावं इतका जवळ.

“झालं का तुझं? भांडी पडलीत,” आई बाहेरून.

“दोन मिनिटं.”

“तुझी दोन मिनिटं म्हणजे माझी दुपार.”

शेजारच्या मावशी गॅलरीतून ओरडायच्या, “काय गो, मोरीत बसून कोणाचे फोटो काढतेस? एखादा बरा दिसणारा असेल तर आम्हालाही दाखव!”

पहिला चांगला फोटो तांबटाचा. वाळक्या फांदीला त्याने गोल भोक पाडलं होतं, आत नुसतं डोकं, कपाळावर लाल टिळा, आणि चोचीला लाकडाचा भुसा. चाळीत आम्ही जन्मभर तो टुक टुक आवाज ऐकला होता आणि समजत होतो की कुठेतरी भांडीवाला ठोकतोय. मग दयाळ, बुलबुल, पाण्याच्या टाकीखाली राहणारं मुंगूस. एकदा शिक्रा आला, चिमणीएवढं काहीतरी पंजात धरून फांदीवर बसला आणि पिसं उपटत राहिला. मी श्वास धरून तेवीस फोटो काढले. एक बरा आला.

पण हे सगळे पाच-दहा मिनिटांचे पाहुणे. कायमचे राहणारे कावळे. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, कावळे कोण काढतं? मी म्हटलं, ज्याच्याकडे तेवढेच आहेत तो काढतो. आणि खरं सांगते, कावळ्याइतकं बघण्यासारखं काही नाही. हळूहळू मला ते वेगवेगळे ओळखता यायला लागले. एकीचं उजव्या पायाचं मधलं बोट मांज्यात तुटलेलं. तिला मी लंगडी म्हणायचे. एकाची वरची चोच जरा डावीकडे वळलेली. लंगडीचं घरटं मी काडी-काडीने उभं राहताना बघितलं. काड्या कमी, तारा जास्त. कपडे वाळत घालायच्या हँगरची तार, केबलचा तुकडा, माझ्या आईची हरवलेली केसांची पिन. तिच्या घरट्यात कोकिळेने अंडं घातलं आणि लंगडी त्या परक्या पोराला भरवत बसली, तेही माझ्याकडे आहे.

दर मे महिन्यात काका बांबूला कोयती बांधून घरटी पाडायचा. कारण खाली त्याची स्कूटर. सीटवर शिटायचे. लंगडीचं घरटं त्याने पाडलं तेव्हा मी खिडकीतच होते. पिल्लांना अजून नीट पिसंही नव्हती. दोन खाली पडली. त्याने ती पायाने गटारात लोटली आणि वर बघून मला म्हणाला, “काढ फोटो! पेपरात दे!”

मी काढला. त्याचाही काढला.

त्यानंतर ते फोटो संगणकावर बघताना एक गोष्ट लक्षात येऊ लागली. काही फोटो नेहमी हललेले यायचे. कावळा फांदीवरून खाली झेपावतोय, पंख आडवे, चोच उघडी. आणि त्या प्रत्येक फोटोत खालच्या कोपऱ्यात काका. आधी वाटलं योगायोग. मग मी वहीत लिहायला लागले, अंगणातून कोण गेलं आणि कावळ्यांनी काय केलं. दूधवाला गेला, काही नाही. कचरा काढणाऱ्या मावशी गेल्या, एक कावळा मागे मागे, खाऊच्या आशेने. पोरं क्रिकेट खेळली, काही नाही. काका दारातून बाहेर आला की आधी लंगडी ओरडायची, मग सगळे. तो तांबड्या शर्टात आला तरी, पांढऱ्या शर्टात आला तरी. छत्री घेऊन आला तरी. शेवटी तो दारापासून स्कूटरपर्यंतची वीस पावलंसुद्धा हेल्मेट घालून चालायला लागला. पोरं हसायची, “काका, सिग्नल लागलाय, थांबा!” हेल्मेट घातलेल्या काकालाही त्यांनी सोडलं नाही. चाल ओळखत असतील. मे महिना संपला, घरट्यांचे दिवस गेले, तरी सोडलं नाही. मे महिन्यानंतर अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं, ज्यांनी त्याचा बांबू कधी बघितलाही नव्हता, तीही मोठ्यांचं बघून त्याच्यावर धावायला शिकली.

एका रविवारी मी भिंतीवर भाकरीचे तुकडे ठेवले. शेजारचे आजोबा तिथेच भिंतीला टेकून पेपर वाचत होते, हाताच्या अंतरावर. दोन मिनिटांत लंगडी आली, तुकडा घेऊन गेली. आजोबांनी मान वर केली नाही. मग काका स्कूटर पुसायला आला. सगळे कावळे वर. सगळे ओरडायला लागले, तसंच कानात बोटं घालण्यासारखं. भाकरी भिंतीवर तशीच. काका पंधरा मिनिटं स्कूटर पुसत होता, पंधरा मिनिटं एकही खाली आला नाही. तो फडकं घेऊन आत गेला आणि दार बंद व्हायच्या आत लंगडी भिंतीवर.

मी कॅमेऱ्यातून बघत होते. बोट बटणावर होतं. तेव्हा मला तेरावा दिसला. तेच झाड, तीच भिंत, तोच माणूस पानाच्या बाजूला उभा. बाबा गेले त्याच महिन्यात त्याने घरटी पाडली होती, तो बांबू दहावा होईपर्यंत जिन्याखाली पडून होता, मीच त्याला अडखळले होते. बाबांचा जीव तळमळत नव्हता. कावळे त्याला शिव्या देत होते.

मी मोरीतून बाहेर आले आणि आईला सगळं सांगितलं. फोटो दाखवले, एकापाठोपाठ एक. वही वाचून दाखवली. तिने चष्मा लावून प्रत्येक फोटो बघितला. मग म्हणाली, “म्हणजे ते काही बोललेच नव्हते.”

“नव्हतेच बोलले.”

“माझ्याबद्दलही नाही.”

“कोणाबद्दलच नाही, आई. कावळे होते ते.”

ती उठली, तोंड धुतलं, आणि त्या दिवशी पुढचा लसूण सोलला नाही. पोतं तसंच ठेवलं. मी तिला इतक्या वर्षांत तसं करताना पहिल्यांदा बघितलं.

त्याच वर्षी चाळीचा पुनर्विकास ठरला. बिल्डर आला, सभा झाल्या, पात्र भाडेकरूंची यादी तयार होऊ लागली. ज्याच्या नावाची भाडेपावती त्याला फ्लॅट. काकाच्या नावावर दोन पावत्या. त्याने सभेतून येता येता जिन्यात आईला सांगितलं, “वयनी, नवीन बिल्डिंगीत मी तुमका ठेवीन हां. किचनमध्ये एक माणूस झोपता.” यादी दसऱ्याच्या आत जायची होती. एकदा गेली की आई कायमची त्याच्या किचनमधली माणूस.

मी आधी सरळ मार्गाने गेले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे केलं ते ऐकून लोक म्हणतील, शिकलेली पोरगी, अंधश्रद्धेला खतपाणी घातलं. मी खाली त्याच्या खोलीत गेले, फोटो टेबलावर मांडले आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. कावळे तोंड ओळखतात. तुम्ही उभे होता म्हणून आले नाहीत, तुम्ही आत गेलात म्हणून आले. तो कौल नव्हता. खोली आईला परत द्या.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

“कॉलेजात काय कावळे शिकवतत? माझ्या भावाने कौल दिल्यान, साऱ्या भावकीने बघल्यान. तू तेव्हा एवढीशी होतीस. मेलेल्याच्या मनातला कावळ्याक नाय कळला तर कोणाक कळतला? चल, फोटो उचल. टेबल माझा आसा.”

त्याचा त्यावर खरंच विश्वास होता, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्याने डाव टाकला. डाव नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की मेलेल्या भावाने खोली त्याला दिली. माझा राग त्याने तिळभरही कमी झाला नाही. उलट बरंच झालं. ज्याचा विश्वास आहे त्यालाच त्याच्या विश्वासाने धरता येतं.

भाद्रपदात बाबांच्या तिथीला महाळ असतो, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. दर वर्षी काकाकडेच. लालबाग, परळ, वरळी, सगळीकडून भावकी येते. वाडी काकाच ठेवतो, पण ठेवून लगेच आत येऊन वाढायला लागतो, त्यामुळे दर वर्षी पाच मिनिटांत कावळा शिवतो आणि पंगत बसते. त्या वर्षी तो पान भिंतीवर ठेवून वळला तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, “काका, थांबा. यादी जायची आहे. बाबांना एकदा विचारून घेऊ या. तेराव्याला उभे होता तसेच उभे राहा.”

भावकीतले सगळ्यात मोठे म्हणजे लालबागचे आजोबा. ते काठी टेकून पुढे आले.

“बरोबर बोलता चेडू. रव उभो.”

नाही कसं म्हणणार? पंधरा वर्षं तो हा कौल सांगत फिरला होता. हात जोडून पानाच्या बाजूला उभा राहिला. हेल्मेट नव्हतं. वाडीजवळ हेल्मेट घालून कसं चालेल?

लंगडीने सुरुवात केली. मग सगळा बदाम पेटल्यासारखा ओरडायला लागला. एक कावळा त्याच्या डोक्यावरून असा गेला की केस उडाले. आत वडे गार होत होते, काळ्या वाटाण्याचं सांबार चुलीवरून उतरलं होतं, खिरीवर साय धरली होती. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. वरळीचे एक काका पोट चोळत म्हणाले, “आज आमचोच महाळ घालतत वाटता.”

“दादा, मी तुझ्या चेडवाचा लगीन थाटात करीन,” काका वर बघून म्हणाला.

“माझं मी करीन,” मी म्हटलं. कावळे ओरडतच होते.

“दर वर्षी गावाक देवळात अभिषेक करीन.” काही नाही.

“घर रंगवून देईन वयनीक.” काही नाही. काकी दारात उभी होती, तिने डोक्यावरून पदर घेतला होता आणि ती रडत होती. मला तिची दया आली. त्याची नाही आली. खरं लिहायचं तर मला त्या वेळी फार बरं वाटत होतं. पेढा खातानाचं त्याचं तोंड मला आठवत होतं, गटारात लोटलेली पिल्लं आठवत होती, आणि मी प्रत्येक मिनिट चघळून चघळून घेत होते.

“अरे, खोलीचा सांग ना!” आजोबा खेकसले. “मगाशी पासून साऱ्या गावाचा सांगतंस. आमी काय उपाशी रवाचा?”

कावळ्याची शीट त्याच्या खांद्यावर पडली. त्याने पुसली नाही.

“खोली वयनीची,” तो पुटपुटला.

“मोठ्यान.”

“खोली वयनीक देतंय!”

कावळे थांबले नाहीत. थांबणारच नव्हते, तो तिथे उभा होता तोवर. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. घामाने भिजला होता. अजून पाच मिनिटं त्याने तिथे काढली असती तरी माझी काही हरकत नव्हती.

आई पुढे आली. तिला सगळं माहीत होतं, पण बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

“भावजी,” ती म्हणाली, “तुम्ही आता आत जा. पुरे झालं.”

तो गेला. मान खाली घालून, पायऱ्या चढून, दारातून आत. दार लोटलं गेलं आणि लंगडी पानावर उतरली. आधी वडा, मग दुसऱ्या फेरीला खीर लागलेलं पानाचं टोक. अंगणातल्या बायकांनी हात जोडले. आजोबांनी आईकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, “चला, पाना मांडा.”

मी दोन फोटो काढले होते. एकात काका पानाशी, डोक्यावर कावळ्यांचं कडं. दुसऱ्यात त्याची आत जाणारी पाठ आणि पानावर लंगडी.

आठ दिवसांनी अपेक्षेप्रमाणे तो फिरला. जिन्यात मला म्हणाला, रागात बोललेला माणूस, त्याका काय अर्थ? मी वाद घातला नाही. ते दोन फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकले. खाली एक शब्द लिहिला नाही. तासाभरात आजोबांचा त्याला फोन गेला. दुसऱ्या दिवशी वरळीच्या काकांचा. काकीने, म्हणतात, त्याला जेवण वाढलं नाही. शेजारच्या मावशींनी गॅलरीतून मला विचारलं, “काय गो, शेवटी बरा दिसणारा मिळाला वाटतं?”

त्या शुक्रवारी तो आईबरोबर मालकाच्या ऑफिसात गेला. मीही गेले, पेन माझं होतं. या वेळी ‘ना हरकत’ त्याने लिहून द्यायची होती. मी काय लिहायचं ते एकेक शब्द सांगितला आणि शेवटी खाली सही कुठे करायची तेही दाखवलं.

मला लोक विचारतात, आता भावकीला खरं काय ते सांगणार की नाही? मी एक शब्दही खोटं बोलले नव्हते. खरं जे आहे ते मी त्याला टेबलावर मांडून दाखवलं होतं आणि तो हसला होता. ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी मोरीत यावं, बादलीवर बसावं आणि तो अंगणातून जाताना बघावं. अजून हेल्मेट घालतो.

भाडेपावती आईच्या नावावर झाली. दसऱ्याच्या आत गेलेल्या यादीत आमच्या खोलीसमोर तिचं नाव आहे आणि काकाचं नाव फक्त त्याच्या स्वतःच्या खोलीसमोर आहे. फ्लॅट तयार होईल तेव्हा तो आईचा असेल.